'मी' की 'ती'?

ठाण्यात तलावपाळीच्या बाकावर बसून कथेतला एकच प्रसंग दोनदा लिहिला. 'मी पाकीट चाचपलं. पास नव्हता.' मग 'तिनं पाकीट चाचपलं. पास घरी फ्रीजवर पडला होता.' दुसऱ्यात वाचकाला तिच्या आधी कळतं. 'मी' घरात डोकावणार कसा?

शिवाय 'मी पाकीट चाचपलं'मध्ये बाई की पुरुष, पत्ता लागत नाही. 'मी निघाले' म्हटलं की लागतो. मराठीत ही चोरी मजेची. आणि 'मी' खोटं बोलू शकतो, स्वतःशीसुद्धा. भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी 'कोसला' (१९६३) तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकरच्या 'मी'शिवाय कल्पून पाहा, तिरकसपणाच गळून पडेल.

चार पिढ्यांचं कुटुंब असेल तर सरळ तृतीयपुरुषी. माझ्या पासवालीला मात्र 'मी'च ठेवलं. पास ती मुद्दाम विसरली होती.