धडधाकट टर्बो काढला आणि ‘व्हेरिएबल’च्या नावाखाली भंगार बसवलं

आईला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून नाशिकला परत येत होतो. कसाऱ्याच्या चढाला गाडीने तिसऱ्या गिअरमध्येच दम सोडला. ॲक्सिलरेटर तळाशी टेकवला तरी वेग चाळीसच्या वर जाईना. बॉनेटच्या आतून हवा निसटल्यासारखा फुस्स आवाज येत होता, आरशात काळा धूर दिसत होता आणि त्या धुरातून एक भरलेला कंटेनर लाइट मारत होता. इगतपुरी येईपर्यंत आई काही बोलली नाही, दरवाजावरचं हँडल घट्ट धरून बसली होती. तिचा तो चेहरा डोळ्यांसमोर होता म्हणूनच दुसऱ्या दिवशी मी कुणालाही न विचारता हायवेलगतच्या एका गॅरेजात गाडी नेली. ‘टर्बो स्पेशालिस्ट’ अशी मोठी पाटी होती, तेवढ्यावर विश्वास ठेवला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा.

गाडी २०१३ ची स्विफ्ट डिझेल, १२४८ सीसीचं इंजिन, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. ऑइल मी कायम वेळेवर बदललं आहे.

मालकाने स्कॅनर लावला. बूस्ट प्रेशर, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, कमी असल्याचा कोड आला. मग एअर फिल्टरकडचा पाइप काढून त्याने मला आत बोट घालायला सांगितलं. “बघा भाऊ, तेल. टर्बो तेल फेकतोय.” बोटाला खरंच तेलकट लागलं. त्याने टर्बोचं चाक चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं. ते हललं. “प्ले आलाय. हा कधीही फुटेल, तुकडे इंजिनात गेले की लाखाचं काम.” आदल्या दिवशी कसाऱ्यात जे झालं होतं त्यानंतर एवढं ऐकलं की माणूस पुढे काही विचारत नाही. मीही विचारलं नाही.

या तिन्ही गोष्टींनी टर्बो गेल्याचं अजिबात सिद्ध होत नाही, हे मला नंतर कळलं. तुम्हाला ते आधी कळावं म्हणून हे लिहितो आहे. कोड एवढंच सांगतो की जेवढा दाब पोहोचायला हवा तेवढा पोहोचत नाही. दोष फाटलेल्या पाइपचा असू शकतो, सेन्सरचा असू शकतो, तुंबलेल्या फिल्टरचा असू शकतो. पाइपातला तेलाचा पातळ थर बहुतेक डिझेल गाड्यांत असतोच, कारण इंजिनातली तेलकट वाफ ब्रीदरमधून (वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) त्याच वाटेने परत आत ओढली जाते. आणि तो प्ले, म्हणजे ढिलेपणा! या छोट्या टर्बोचा शाफ्ट (चाकांचा आस) तेलाच्या थरावर तरंगत फिरतो, मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेतो. इंजिन बंद असताना तो तेलाचा थर नसतो, म्हणून शाफ्ट आडवा थोडासा हलणारच. बघायचं असतं ते आत-बाहेर. शाफ्ट त्याच्या लांबीच्या दिशेने मागे-पुढे सरकताना बोटाला जाणवला, किंवा चाकाची पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर बेअरिंग गेलं समजायचं. मला फक्त आडवा हलवून दाखवला होता.

त्यानंतर त्याने खरा गळ टाकला. “फिक्स टर्बो कशाला टाकता? व्हेरिएबल टाकू. हेच इंजिन नव्वदच्या गाडीत येतं, तुमची पंच्याहत्तरची आहे. फरक टर्बोचाच. घाटात पिकअप बघा मग.”

यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच मी फसलो. हे १२४८ सीसीचं इंजिन दोन रूपांत आलं आहे. ७५ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप) साध्या, न बदलणाऱ्या टर्बोचं आणि ९० पीएसचं व्हेरिएबल टर्बोचं. व्हेरिएबलमध्ये टर्बाइनच्या, म्हणजे धुराने फिरणाऱ्या, चाकाभोवती हलणाऱ्या पात्यांचं कडं असतं. इंजिन हळू फिरत असतं, धूर कमी असतो, तेव्हा ही पाती मिटतात. वाट अरुंद झाली की तोच थोडा धूर जोरात चाकावर आदळतो आणि टर्बो लवकर जागा होतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाढले की पाती उघडतात, नाहीतर दाब हाताबाहेर जाईल. नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी लांब उडतं, तसंच हे आहे. चढावर, कमी आरपीएमला, याचा फायदा नक्की होतो.

त्याने जे सांगितलं नाही ते असं. ही पाती कधी किती मिटायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. क्षणाक्षणाला व्हॅक्यूमच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या झडपेला) किंवा टर्बोवरच्या मोटरला तो हुकूम देत असतो. माझ्या गाडीत ते सोलेनॉइडही नाही, ईसीयूत तो प्रोग्रॅमही नाही. साध्या टर्बोला त्याची गरजच नसते. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की तोच दाब एका डबीला ढकलतो आणि वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर बाजूने सोडणारी झडप, उघडतं, एवढंच. म्हणजे ९० च्या गाडीत टर्बोबरोबर त्याचा कंट्रोल आणि मॅपिंग, म्हणजे ईसीयूतला तो प्रोग्रॅमही असतो. नुसता टर्बो आणून बसवणं म्हणजे नुसतं लोखंड बसवणं.

३४,००० रुपये ठरले, मजुरीसकट. “नवीन पीस आहे, सहा महिन्यांची वॉरंटी. जीएसटीचं बिल घेतलं तर वाढतील.” मी पैसे वाचवायला कच्चं बिल घेतलं. एका साध्या कागदावर ‘टर्बो काम’ असे दोन शब्द. जुना टर्बो मागितला तर म्हणाला, तो एक्स्चेंजमध्ये धरला आहे.

गाडी मिळाली. गंगापूर रोडवर फिरवून बघितली, सपाट रस्त्यावर ठीक वाटली. आठ दिवसांनी सप्तशृंगी गडावर निघालो. नांदुरीपासून चढ सुरू झाला आणि २,५०० आरपीएमच्या खाली गाडीत जीवच नव्हता. आधी जी थोडीफार ओढ होती तीही गेली होती. पहिल्या गिअरमध्ये, क्लच जाळत वर पोहोचलो. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, “नवीन आहे, सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात.” टर्बो असा ‘सेट’ वगैरे काही होत नाही. पहिल्या दिवशी जसा ओढतो तसाच ओढायला हवा.

शेवटी मी अंबडला पंप-नोझलचं काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांनी स्कॅनरला हात लावला नाही. बॉनेट उघडलं, मला गाडी चालू करायला सांगितली आणि टॉर्च टर्बोवर धरला. “ही दांडी बघा. हलली?” टर्बोवरच्या डबीतून निघून पाती हलवणारी ती दांडी. हलली नव्हती. “बंद करा. पुन्हा चालू करा. आता?” तरी नाही.

व्हॅक्यूमवर चालणारा व्हेरिएबल टर्बो धड असेल तर इंजिन चालू होताच ती दांडी ओढली जाते, कारण आयडलला (गाडी जागेवर नुसती चालू असताना) पाती मिटलेली लागतात. बंद केलं की ती परत येते. ही परीक्षा कुणालाही करता येते, पाना लागत नाही. माझ्या टर्बोच्या डबीला व्हॅक्यूमची नळीच नव्हती. जुन्या टर्बोची दाबाची नळी तिथे कोंबली होती. जी डबी ओढली जायला हवी तिला उलटं ढकललं जात होतं. पाती कायमची उघडी. म्हणजे मी साध्या टर्बोपेक्षाही मंद असलेला टर्बो विकत घेतला होता.

काकांनी टर्बो उतरवला. फ्लँजची (टर्बो इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीची) भोकं जुळत नव्हती म्हणून ती रुंद केलेली, एका बाजूने धूर गळून काळं पडलेलं. वरून चंदेरी रंग, आत जुनी काजळी. पार्ट नंबरची पट्टी घासून तिच्यावर हाताने आकडे ठोकलेले. टर्बो जुनाच होता. रिकंडिशन केलेला टर्बो वाईट असतो असं मी म्हणत नाही. तसं सांगून दिला, आतली असेंब्ली मशीनवर बॅलन्स केल्याचा कागद दिला, तर तो प्रामाणिक व्यवहार आहे. इथे ‘नवीन’ म्हणून विकला होता.

पण मला खरं रडू आलं ते पुढच्या गोष्टीला. काकांनी इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात थोडी हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी ओतलं. खालच्या वळणावर फेस उसळला. रबरी होज वीतभर चिरलेला होता आणि त्यावर काळी टेप गुंडाळली होती. टेप मी लावली नव्हती. म्हणजे गॅरेजवाल्याने ती चीर बघितली होती. कसाऱ्यातला तो फुस्स आवाज, काळा धूर, तुटलेला दम, सगळं त्या एका चिरेमुळे. टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटत होती आणि माझा टर्बो बहुधा धडधाकट होता. काका म्हणाले, “आधी माझ्याकडे आला असता तर तासाभराचं काम होतं.” होज २,६०० रुपयांना आला.

पहिल्या गॅरेजात जुना टर्बो परत मागायला गेलो तर तिथले आधी म्हणाले भंगारात गेला, मी हटलो नाही तेव्हा एक टर्बो हातात दिला. तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता. माझ्या टर्बोच्या नंबराचा फोटो माझ्याकडे नव्हता, त्यामुळे वाद तिथेच संपला. पुन्हा पैसे घालून मूळ पार्ट नंबरचा साधा टर्बो पक्क्या बिलावर घेतला. या वेळी काकांनी ऑइल आणि फिल्टर बदलला, टर्बोला तेल नेणारी नळी उघडून साफ केली, चालू करण्याआधी टर्बोत तेल भरलं. पहिल्या गॅरेजने यातलं काहीच केलं नव्हतं.

तुमच्या गाडीला कुणी टर्बो सांगितला तर आधी पाइपांची गळती तपासून मागा, तुमच्यासमोर. टर्बो उतरवण्याआधी त्याच्या पट्टीचा फोटो काढा आणि जुना भाग डिकीत टाकूनच घरी या. मूळचा साधा असेल तर साधाच टाका. व्हेरिएबलवर जायचंच असेल तर “पाती कोण हलवणार, ईसीयूला ते कोण शिकवणार?” एवढं विचारा. शिवाय आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने यावर बोट ठेवलं तर भांडायला आपणच उभे राहू.

आणि पक्कं बिल घ्याच. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. माझ्याकडे ते बिल नाही. यूपीआयने पैसे दिल्याची नोंद, वॉरंटी कबूल करणारे मेसेज आणि काकांनी लिहून दिलेला कागद एवढंच आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, गॅरेजला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. चिरलेला होज टेपसकट आणि तो घासलेल्या नंबराचा टर्बो एका गोणीत बांधून ठेवला आहे, तारीख लागली की घेऊन जायचं आहे.