साबण लावणं सोपं, काढणं अवघड: जाळीदार बुटांसोबतचे आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी जाळीच्या बुटांचे दोन जोड एकदमच घेतले, एक राखाडी आणि एक पांढरा. पांढरा हातात घेतला तेव्हाच घरातून आवाज आला, "हौस ठीक आहे, पण धुणार कोण?" मीच धुतो आहे. बूट घालून किती चाललो, ते किती हलके आहेत, हे सगळीकडे वाचायला मिळतं. मी लिहितोय ते धुण्याबद्दल, कारण या बुटांनी माझा वेळ खाल्ला तो तिथे.

पहिली धुलाई तिसऱ्या आठवड्यात झाली. पांढरा जोड कपडे धुतात तसाच धुतला, म्हणजे बादलीत गरम पाणी, त्यात मूठभर पावडर, बूट तासभर बुडवून ठेवले, कपड्यांच्या ब्रशने खसाखसा घासले, दोनदा पाण्यातून काढले आणि कडक उन्हात भिंतीला टेकवून ठेवले. ओले असताना असे पांढरेशुभ्र दिसत होते की फोटो काढला. दुसऱ्या दिवशी चवड्यावर आणि टाचेच्या काठाला पिवळट तपकिरी रेषा उमटल्या होत्या, नकाशावर किनारा काढावा तशा. मळ राहिला असणार असं वाटलं, म्हणून आणखी पावडर घालून पुन्हा धुतले. किनारा आणखी रुंद झाला.

चूक कळायला तिसरी धुलाई लागली. वरचा मळ कधीच निघाला होता, आत राहिलं होतं ते साबणाचं मळकट पाणी. बुटाची जाळी पातळ असते, पण तिच्या मागे, विशेषतः टाचेच्या काठात आणि जिभेत, जाड स्पंज असतो. तो साबणाचं पाणी पोटात धरून ठेवतो. बूट वाळताना हे पाणी आतून बाहेर सरकतं आणि जाळीच्या पृष्ठभागावरून उडून जातं. त्यात विरघळलेला साबण आणि मळ मात्र उडत नाही, तो तिथेच बसतो. काचेवर वाळलेल्या थेंबाची कड उठून दिसते, त्यातलाच हा प्रकार. वर ऊन लागलं की पिवळेपणा आणखी पक्का होतो.

आता माझी कसोटी एकच आहे. टाचेचा काठ स्वच्छ पाण्याखाली धरून अंगठ्याने दाबायचा. पांढरट फेस बाहेर आला, तर खळबळणं अजून बाकी आहे. त्या पांढऱ्या जोडाला सात वेळा पाणी बदलावं लागलं. सातव्यांदासुद्धा जिभेतून दोन बुडबुडे आलेच. शेवटच्या पाण्यात लिटरमागे दोन चमचे पांढरं व्हिनेगर घातलं. धुण्याची पावडर अल्कधर्मी असते आणि व्हिनेगर आम्ल, त्यामुळे उरलासुरला अंश मारला जातो. मग ओल्या बुटावर साधे पांढरे टिश्यू पेपर चिकटवले, बोटांनी दाबून, कुठेही हवा राहू न देता. बूट ममीसारखा दिसतो, घरातले हसतात. पण पाणी आता कागदाच्या पृष्ठभागावरून उडतं आणि मळाची रेषा जाळीऐवजी कागदावर उमटते. वाळलेला कागद सोलला तेव्हा त्यावर टाचेचा तो अख्खा किनारा छापून आला होता. आठ महिन्यांत इतकं समाधान दुसऱ्या कशाने दिलं नाही. डाव्या टाचेवर एक फिकी कमान मात्र राहिली आहे, ती आता जाईल असं वाटत नाही.

यानंतर बूट बुडवणंच बंद केलं. चिखल असेल तर तो पूर्ण वाळू देतो. ओला चिखल पुसायला गेलं की तो जाळीच्या भोकांत आणखी खोल जातो, वाळल्यावर तळ एकमेकांवर आपटले की अर्धा आपोआप झडतो. उरलेला कोरड्या मऊ ब्रशने झटकतो. लेस आणि आतली गादी काढून वेगळी धुतो. मगभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा अर्धा चमचा पुरतो, खरं तर तोही जास्तच होतो. मऊ टूथब्रश फक्त फेसात बुडवायचा आणि लहान गोल फिरवत न्यायचा. डाग एवढासा असला तरी शिवणीपासून शिवणीपर्यंतचा अख्खा भाग ओला करायचा, नाहीतर डाग जातो आणि त्याच्या जागी पाण्याचं वर्तुळ येतं. मग स्वच्छ ओल्या फडक्याने तीन-चार वेळा टिपून घ्यायचं. टिपायचं, पुसायचं नाही.

ब्रशबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ते नुकसान भरून येत नाही. कपड्यांच्या ब्रशने पांढऱ्या बुटाच्या चवड्यावरचे धागे फुलले. टॉर्च तिरका धरून पाहिलं, तर भोकांच्या कडांवर बारीक लव उभी राहिली होती, जुन्या स्वेटरवर गोळे येण्याआधी येते तशी. बहुतेक जाळ्या पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या असतात. धागा तुटत नाही पटकन, पण एकदा पिंजारला की धूळ त्या लवेत अडकते आणि तोच भाग दरवेळी आधी मळतो. राखाडी जोडाला हा ब्रश कधी लावला नाही, त्याची जाळी अजून गुळगुळीत आहे.

राखाडी जोडावर मी वॉशिंग मशीनचा प्रयोग केला. पहिल्यांदा थंड पाणी, उशीचा अभ्रा, सोबत दोन जुने टॉवेल, पिळणं बंद. काहीही बिघडलं नाही, बूट छान निघाले. त्यामुळे दुसऱ्यांदा गाफील राहिलो. आधीच्या धुण्याचा ६० अंशांचा प्रोग्रॅम तसाच होता आणि गाद्याही आतच राहिल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा कडा वर वळलेल्या आणि गादी टाचेकडे अर्ध्या बोटाने आखूड. या गाद्या आणि तळाचा मधला थर बहुतेक वेळा ईव्हीए नावाच्या फोमचा असतो, तो उष्णतेने मऊ पडतो आणि आकसतो. तळ चिकटवणारा गोंदही उष्णतेला भितो. पांढऱ्या जोडाचा तळ चवड्यापाशी जरासा सुटला आहे, तो त्या पहिल्या कडक उन्हामुळे असावा असा माझा संशय आहे. मशीनला सरसकट नाही म्हणणार नाही, पण हाताने पंधरा मिनिटांत होणाऱ्या कामासाठी ही जोखीम मी पुन्हा घेणार नाही.

घरगुती नुस्खे बरेच करून पाहिले. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफस बघायला मजा येते, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हातात उरतं ते जवळपास खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. टूथपेस्ट रबराच्या पांढऱ्या कडेला उत्तम, तिच्यातली बारीक खर काळे ओरखडे काढते. जाळीवर लावली तर भोकाभोकात वाळून बसते. मी ती टाचणीने काढली आहे, एक अख्खी संध्याकाळ. मेलामाइनचा स्पंजही रबरापुरताच, आणि हलक्या हाताने, कारण तो मुळात पॉलिशपेपरच आहे. क्लोरीनच्या ब्लीचच्या नादी लागू नका. ते नायलॉनला आणि ताणल्या जाणाऱ्या धाग्यांना पांढरं करण्याऐवजी पिवळं करतं. माझा एक लेस असाच गेला.

वासाचं प्रकरण वेगळं आहे. दोन्ही पावलांत मिळून सुमारे २.५ लाख घर्मग्रंथी असतात, पण ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातल्या घटकांवर ताव मारतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी द्रव्यं तयार होतात, तो कुबट वास त्यांचा. म्हणून सुगंधी स्प्रेने दोन वास होतात, एक कमी होत नाही. बूट पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्येही ठेवून पाहिले. सकाळी वास नव्हता, दुपारी हजर. थंडीने जिवाणू झोपतात, मरत नाहीत. सोडा चालतो, कारण तो आम्लाला मारतो, पण बुटात सरळ ओतू नका. घामाने त्याचे खडे होतात आणि ते मोज्यातून टोचतात. जुन्या सुती मोज्यात दोन-तीन चमचे भरून गाठ मारायची आणि तो मोजा रात्रभर बुटात ठेवायचा. याहून जास्त फरक पडला तो जोड आलटून पालटून घातल्याने आणि घरी आल्या आल्या गाद्या बाहेर काढून ठेवल्याने.

वाळवणं सावलीत, पंख्याखाली, जीभ पूर्ण बाहेर ओढून. आत वर्तमानपत्र कोंबलं तर पांढऱ्या अस्तराला शाई लागते, म्हणून कोरा कागद. तो तासाभराने बदलायला हवा, भिजलेला कागद ओल धरूनच बसतो. वरून बूट पाच-सहा तासांत कोरडा वाटतो. आत चवड्यापर्यंत बोट घालून पाहिलं की खरं कळतं. माझे दोन्ही जोड पूर्ण वाळायला दिवस आणि रात्र दोन्ही लागतात.

राखाडी जोडाला मात्र उजव्या अंगठ्यावर भोक पडलंच, शेंगदाण्याएवढं. धुण्याचा दोष शोधत बसलो होतो, पण धागे आतून बाहेर तुटलेले दिसले. चालताना माझा अंगठा वर उचलला जातो, ते काम नखाचं. आतून कापडी पट्टी चिकटवली आहे, भोक महिनाभर तेवढंच आहे. पांढऱ्या जोडाला तशीच पट्टी आधीच लावून ठेवली.