औषधचाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही: एक उपयुक्त सेवा

नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी व्हावे का, असा प्रश्न मराठवाड्यातील एखाद्या कुटुंबापुढे येतो, तेव्हा बहुधा डॉक्टरांचा शब्द हाच एकमेव आधार असतो. अशा वेळी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) ही औषधचाचण्यांची मोफत ऑनलाइन नोंदवही अवश्य पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती जुलै 2007 मध्ये सुरू झाली, जून 2009 पासून औषधचाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली आणि एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंद करावी लागते.

लातूरच्या आमच्या मावशींच्या मधुमेहासाठी मी ती चाळली. प्रत्येक नोंदीत चाचणीचा टप्पा, कोणत्या उपचाराशी तुलना होणार, कोणाला घेणार, कोणाला वगळणार, सहभागी रुग्णांचे हित जपणाऱ्या नैतिकता समितीची मान्यता आहे की नाही आणि चाचणी कोणत्या रुग्णालयात चालते, हे सारे दिलेले असते. यांतला वगळण्याच्या निकषांचा रकाना सर्वांत आधी वाचावा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पुष्कळदा तिथेच निकाल लागतो, आणि नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरपर्यंतची खेप वाचते.

माहिती इंग्रजीत आहे, हीच मोठी अडचण. ज्यांच्या शरीरावर प्रयोग व्हायचा, त्यांना ती मराठीत मिळायला हवी. नोंद असणे म्हणजे औषध सुरक्षित असल्याची हमी नव्हे, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना नीट समजावून सांगावे. संमतिपत्र मात्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेतच मागावे. तो त्याचा हक्क आहे.