फोटो, मजकूर, व्हिडिओ एकत्र शोधायचे आहेत: पीजीव्हेक्टर, क्वाड्रंट, लान्सडीबी की मिल्व्हस?

साड्यांच्या ऑनलाइन दुकानाचं उदाहरण घेऊ. प्रत्येक साडीचे तीन-चार फोटो, वर्णन, किंमत, एखादा व्हिडिओ. गिऱ्हाईक लिहितं, 'हिरवी पैठणी, पदरावर मोर, १५,०००च्या आत'. रंग आणि मोर फोटोत शोधायचे, किंमत रकान्यात. असा शोध घ्यायला मॉडेल प्रत्येक फोटोची किंवा मजकुराची आकड्यांची यादी करतं, तिला व्हेक्टर म्हणतात; सारख्या गोष्टींचे व्हेक्टर एकमेकांच्या जवळ येतात. शीर्षकातले चारही पर्याय असे व्हेक्टर साठवतात आणि शोधतात. माझ्या मते डेटाबेसची खरी परीक्षा इथेच होते.

पोस्टग्रेस हा डेटाबेस आधीपासून वापरात असेल तर पीजीव्हेक्टर या त्याच्या पुरवणीनेच सुरुवात करा. नवा सर्व्हर नको, बॅकअप तोच. साडी विकली गेली की तिची नोंद आणि व्हेक्टर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच झटक्यात, काढता येतात. हे फार मोलाचं आहे, कारण डेटा दोन ठिकाणी ठेवला की विकलेल्या साड्या शोधात येत राहतात.

पण एक खोच आहे. एचएनएसडब्ल्यू इंडेक्स (जवळच्या व्हेक्टरांना जोडणारं जाळं, म्हणजे ग्राफ) आधी जवळचे व्हेक्टर काढतो, किमतीची अट त्यानंतर लागते. मूळ सेटिंगमध्ये तो असे ४०च व्हेक्टर काढतो. समजा दहातली एकच साडी १५,०००च्या आत बसते. मग तुम्ही २० मागितल्या तरी हाती साधारण चारच लागतात. ०.८ आवृत्तीपासून इटरेटिव्ह स्कॅन आला. पुरेशा ओळी मिळेपर्यंत तो पुढे शोधत राहतो, मात्र आपण चालू केला तरच.

अशा अटी पावलोपावली असतील तर क्वाड्रंट सरस. तो ग्राफमधून वाट काढतानाच अट तपासतो. एकाच साडीला फोटोचा एक आणि वर्णनाचा दुसरा असे नाव दिलेले वेगवेगळे व्हेक्टरही जोडता येतात. किंमत मोजावी लागते ती दुसरी यंत्रणा सांभाळण्याची आणि पोस्टग्रेसशी ताळमेळ ठेवण्याची.

लान्सडीबीचं काम वेगळं. वेगळा सर्व्हर न लावता तो थेट प्रोग्रॅममध्येच चालतो, आणि मूळ फोटोही व्हेक्टरशेजारी त्याच टेबलात ठेवता येतो. मॉडेल बदललं की नवा रकाना जोडायचा, जुनी आवृत्ती शाबूत राहते. मॉडेल शिकवण्यासाठी डेटा जमवत असाल तर मी डोळे झाकून हाच घेईन. दर मिनिटाला सुट्या नोंदी घालणाऱ्या दुकानासाठी मात्र नाही. बारीक तुकडे साचतात आणि ते वरचेवर एकत्र करावे लागतात.

मिल्व्हसच्या पूर्ण क्लस्टरसोबत (एकत्र चालणारे अनेक सर्व्हर) ईटीसीडी (सेटिंग्ज व नोंदी ठेवणारी यंत्रणा), ऑब्जेक्ट स्टोरेज (फायलींचा साठा) आणि जुन्या आवृत्त्यांत मेसेज क्यूही (निरोपांची रांग) सांभाळावे लागतात. आधी हिशोब करा: क्लिप या फोटो आणि मजकूर दोन्हींचे व्हेक्टर करणाऱ्या मॉडेलचा ५१२ आकड्यांचा व्हेक्टर २ केबीचा, म्हणजे १० लाख फोटोंचे सुमारे २ जीबी. एवढ्यासाठी क्लस्टर कशाला? कोट्यवधी फोटो असतील तर गोष्ट वेगळी.

परवान्याची चिंता नको. पीजीव्हेक्टरला पोस्टग्रेसचा, बाकी तिघांना अपाची २.०; दोन्ही मुक्त परवाने.

आणि मराठीत शोध हवा असेल तर मूळ क्लिपवर विसंबू नका, ते इंग्रजी मजकुरावर शिकलेलं आहे. त्याची बहुभाषिक आवृत्ती घ्या, आपल्या गिऱ्हाइकांच्या शब्दांत ५० शोध लिहून काढा आणि डेटाबेस ठरवण्याआधी ते चालवून बघा.