उन्हाचं कारण सांगून जाड तेल, अन् मी 4,579 रुपयांना बुडालो

संताप अजून उतरला नाही, म्हणून लिहितोय. मी सेलूचा. गाडी पेट्रोलची, 52,000 किलोमीटर झालेली. मॅन्युअलमध्ये 0डब्ल्यू-20 या ग्रेडचं, म्हणजे पातळ, इंजिन तेल टाका असं स्वच्छ छापलंय. मे महिन्यात सर्व्हिसिंगला दिली. गॅरेज मेव्हण्याच्या ओळखीचं, तेव्हा आंधळेपणानं गेलो असं कुणी म्हणू नये.

गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, आपल्याकडं 43 डिग्री ऊन. हे पातळ तेल पाण्यावानी होतंय. जाड टाका." मी मॅन्युअल उघडून दाखवलं. मग म्हणाला, बरं, तुमचंच टाकतो, पण वरून एक टॉनिक, म्हणजे तेलात मिसळायचं औषध, टाकावं लागेल.

बिल असं: तेल 2,450, फिल्टर 180, फ्लशिंग (इंजिन आतून धुणं) 650, टॉनिक 899, मजुरी 400. एकूण 4,579. तेलापुढं ग्रेड लिहिलीच नव्हती. बिलावर ग्रेड लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि कॅन! आतून आणला तेव्हाच झाकणाखालची कडी तुटलेली होती. मी विचारलंसुद्धा. "पोरानं आत्ताच फोडलं." नरसाळ्यातून तेल उतरत होतं ते काकवीसारखं, संथ, जाड धारेनं. मे महिन्याच्या दुपारी! 0डब्ल्यू-20 असं पडतच नाही. मी दोन हात अंतरावर उभा होतो, हातात त्यानंच दिलेला चहा, आणि गप्प बसलो. तो क्षण आजही झोपू देत नाही.

ॲव्हरेज 18 वरून 16 वर आलं, मी एसीला दोष दिला. डिसेंबरात सकाळी गाडी चालू केली की चार-पाच सेकंद टकटक आवाज. जाड तेल थंडीत वरच्या भागापर्यंत उशिरा चढतं, तोवर लोखंडावर लोखंड घासतं. दुसऱ्या मिस्त्रीनं तेल बोटांत चोळून सांगितलं, हे जाड 20डब्ल्यू-50 दिसतंय. परत तेल-फिल्टर बदलायला 3,260 गेले.

उन्हाचं म्हणाल तर ग्रेडमधला शेवटचा 20 किंवा 50 हा आकडा 100 डिग्रीवरच्या जाडीचा असतो. बाहेर 43 असो की 25, थर्मोस्टॅट तापलेलं इंजिन जवळपास त्याच तापमानाला ठेवतो. हे मला नंतर कळलं, पण किती जणांना आधी माहीत असतं?

गॅरेजवाल्याला जाब विचारायला गेलो तर म्हणतो, "जाडच टाकलं, तुमच्याच इंजिनाच्या भल्यासाठी." म्हणजे "तुमचंच टाकतो" म्हणून जाड तेल ओतलं, हे तोंडानं कबूल!

चौकीत गेलो, "हे दिवाणी आहे, आमच्याकडं येत नाही." वजन-मापाच्या कार्यालयात, "माप बरोबर आहे ना? मग ग्रेड आमचा विषय नाही." तिथं साहेब जेवायला गेलेले, दीड तास बाकड्यावर बसवलं आणि ऐकवलं ते हे. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अकरा दिवसांनी मेसेज आला, तक्रार बंद. कुणाशी बोलून बंद केली? फोन उचलायला कुणी नाही. दोन रजा आणि सेलूहून तीन फेऱ्यांचं पेट्रोल वेगळंच. चोर उजळ माथ्यानं फिरतो आणि खेटे मी घालायचे!

तेल स्वतः विकत आणा, सील स्वतःच्या हातानं फोडा, रिकामा कॅन घरी न्या. ओतताना व्हिडिओ काढा, कुणाला राग येवो.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथं फी लागत नाही. काढलेलं तेल मिस्त्रीकडून बाटलीत भरून घेतलंय, वर तारीख चिकटवलीय, बिलासकट कपाटात ठेवलंय.