मेम्ब्रेनसाठी डीएनएचं काही बनवायचंय? छोटा पोअर, ओरिगामी की सरळ प्रोटीन

डीएनए आणि मेम्ब्रेन (पेशीभोवतीचा, लिपिड नावाच्या तेलकट रेणूंचा दोन थरांचा पापुद्रा) यांचं मुळातच जमत नाही. डीएनएवर दर बेस-पेअरमागे दोन निगेटिव्ह चार्ज, त्याला पाणी हवं, आणि मेम्ब्रेन जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाड असलं तरी आतला सगळा भाग तेलकट, तिथे डीएनए आपणहून जात नाही. म्हणजे तुम्ही डीएनए जुळवून कितीही देखणा आकार बनवा, कोलेस्टेरॉलसारखी तेलकट शेपटी लावल्याशिवाय तो मेम्ब्रेनमध्ये घुसत नाही, आणि शेपटी लावली की निम्मी डोकेदुखी तिथूनच चालू होते. म्हणून 'कुठला आकार घेऊ' असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, मेम्ब्रेन कुठलं आहे, लॅबमध्ये बनवलेलं व्हेसिकल (लिपिडचा पोकळ फुगा) की जिवंत पेशी?

समजा नुसतं भोक पाडायचंय, आयन किंवा एखादा छोटा डाय (रंगाचा रेणू) आरपार सोडायचाय. मग सहा हेलिक्सची छोटी नळी, म्हणजेच पोअर, बघा. डीएनएचे सहा डबल हेलिक्स (दुहेरी पीळ) गोलात एकमेकांना खेटून उभे, मधे साधारण २ नॅनोमीटरची वाट. मोजके स्ट्रँड (ठरवलेल्या सिक्वेन्सचे डीएनएचे एकेरी धागे) मागवायचे, एका ट्यूबमध्ये घालायचे, ९५ डिग्रीपर्यंत तापवून हळूहळू थंड करायचे, झालं. लंडनच्या होवोर्का ग्रुपने २०१३ मध्ये असे पोअर दाखवले आणि २०१६ मध्ये त्याला चक्क झाकण बसवलं, म्हणजे तोंडाशी एक स्ट्रँड आडवा, त्याला जुळणारा 'किल्ली' स्ट्रँड आला की तो सुटतो आणि वाट मोकळी. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, कारण कुलूप बदलायचं तर फक्त सिक्वेन्स बदलायचा. तोटा काय, तर ही नळी हलती असते, पोअरमधून जाणारा आयनांचा करंट मोजायला बसलात की रेषा एका जागी राहत नाही, मधेच उड्या मारते, एक पोअर एक आकडा दाखवतो आणि शेजारचा भलताच.

ओरिगामी म्हणजे वेगळाच संसार. रोथमुंडने २००६ मध्ये ही पद्धत मांडली, एम१३ फेजचा (बॅक्टेरियात वाढणारा व्हायरस) ७,२४९ बेसचा लांब धागा आणि त्याला जागच्या जागी दुमडून धरणारे दोनशेच्या वर छोटे स्टेपल स्ट्रँड. म्युनिकच्या मंडळींनी २०१२ मध्ये यातूनच मेम्ब्रेन चॅनल केला, मेम्ब्रेनवर टोपीसारखा भाग बसतो, त्याच्या खालच्या बाजूला २६ कोलेस्टेरॉल, आणि मधून देठ आरपार. पण खरं सांगू का, नुसत्या भोकासाठी एवढा पसारा मला पटत नाही. ओरिगामीचा खरा फायदा म्हणजे कुठली वस्तू कुठे बसणार हे तुम्ही काही नॅनोमीटरच्या हिशोबात ठरवू शकता. वाकडी ओरिगामी पट्टी मेम्ब्रेनला चिकटवून त्यालाच वाकवलेलं आहे, ओरिगामीच्या रिंगच्या आत लिपिड वाढवून एकाच मापाची व्हेसिकल केलेली आहेत, पेशीवरच्या दोन रिसेप्टरमधलं (संदेश पकडणारी प्रोटीन) अंतर ठरवून पेशी कशी वागते तेही बघता येतं. यातलं काही करायचं असेल तर छोट्या नळीचा उपयोग नाही, मुकाट्याने ओरिगामी घ्या.

फक्त शेपट्या जपून. माझा पहिला कोलेस्टेरॉलवाला बॅच जेलमध्ये (आकारानुसार डीएनए वेगळं करून बघायची चाचणी) घातला तर सगळा माल खाचेतच बसून राहिला, बँड म्हणून काही नाहीच, वर नुसती एक चमकती चिकट रेघ. मला वाटलं फोल्डिंग गंडलं, आठवडाभर मॅग्नेशियम (फोल्डिंगला ते लागतं) बदलत बसलो, आणि भानगड होती शेपट्यांची, त्या पाण्यापासून पळताना एकमेकींना धरतात आणि ओरिगामीचे गठ्ठे होतात. आता मी आकार आधी दुमडून साफ करतो, कोलेस्टेरॉलचे स्ट्रँड वापरायच्या आधी ६० डिग्रीच्या आसपास गरम करतो कारण ते ट्यूबच्या प्लॅस्टिकलाही चिकटतात, आणि शेवटी घालतो. शेपटीजवळ थोडा सिंगल स्ट्रँड मोकळा लोंबत ठेवला तर तो तिला झाकतो आणि गठ्ठे कमी होतात. आणि शेपट्या जितक्या जास्त तितकं चांगलं हा गैरसमज आहे.

प्रोटीन पोअरबद्दल फार लिहीत नाही कारण निर्णय सोपा आहे. अल्फा-हिमोलायसिन (पेशीला भोक पाडणारं बॅक्टेरियाचं प्रोटीन) घ्या, सात सारखे तुकडे आपापले गोल जमतात, सगळ्यात अरुंद जागा साधारण १.४ नॅनोमीटर, आणि दर वेळी तीच. स्वच्छ, शांत सिग्नल हवा असेल, रेणू मोजायचे असतील, तर डीएनएचा हट्ट धरू नका. पण भोक मोठं हवं किंवा आकारच वेगळा हवा म्हटलं की प्रोटीनमध्ये कष्ट फार.

एक गंमत मात्र प्रोटीनवाल्यांकडे बघून सुचली नसती. डीएनए तेलाला टेकायला नको म्हणतो म्हणून त्याच्याभोवतीचे लिपिडच वळून भोकाच्या कडेला अस्तर लावतात, म्हणजे वरचा थर आणि खालचा थर तिथे जोडला जातो. पोअर म्हणून बघितलं तर ही गळती, दोषच. पण २०१८ मध्ये त्यावरच स्क्रॅम्बलेज बनवलं, म्हणजे लिपिडना एका थरातून दुसऱ्या थरात पाठवणारं यंत्र, सेकंदाला एक कोटीच्या आसपास, नैसर्गिक स्क्रॅम्बलेजपेक्षा कितीतरी जास्त वेगाने, आणि ते मानवी कॅन्सर पेशींवरही चालवून दाखवलं. लिपिडची उलटापालट हाच तुमचा विषय असेल तर तुलनाच करू नका, डीएनए घ्या.

आता जिवंत पेशी. इथे भलेभले गळपटतात. ओरिगामीला साधारण १०-२० मिलिमोलर मॅग्नेशियम आवडतं, पेशींच्या मीडियात ते १ च्या आसपास, वर सिरममधले न्यूक्लिएज (डीएनए तोडणारी एन्झाइम) कुरतडायला टपलेलेच. ऑलिगोलायसिन-पेगचा (पॉझिटिव्ह चार्जची छोटी साखळी आणि तिला जोडलेलं पेग पॉलिमर) कोट दिला तर टिकाव शेकडो पटीने वाढतो हे खरं, पण तोच कोट तुमच्या शेपट्यांच्या आड येणार नाही ना ते आपल्या डिझाइनवर तपासा. एम१३ चा धागा बॅक्टेरियात वाढवतात, त्यामुळे एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचा विषारी अंश) सोबत येतं, आणि रोगप्रतिकारक पेशींवर काम असेल तर ते धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर दिसणारा परिणाम डीएनएचा की घाणीचा कळणार नाही. डायचंही तसंच, डीएनए बाहेरच तुटतं, डाय लागलेले तुकडे पेशी आत घेते आणि मायक्रोस्कोपखाली तुम्ही खूश होता की आपलं स्ट्रक्चर आत गेलं. पेशीवर पहिल्यांदाच काम करत असाल तर मी तरी छोटीच गोष्ट घेईन, नळी किंवा चार स्ट्रँडचा टेट्राहेड्रॉन (चार कोपऱ्यांचा पिरॅमिड), बिघडलं तर कुठे बिघडलं ते लवकर सापडतं.

आणि ऑर्डर देतानाच त्याच स्ट्रँडचा बिनकोलेस्टेरॉलचा एक सेट मागवून ठेवा. मॅग्नेशियम असलं की साधं डीएनएसुद्धा काही लिपिडांवर नुसतं वरून बसतं, ते दिसायला हुबेहूब तुमच्या यशासारखंच दिसतं.