फिनलंडचा रुइयू: स्वतः गाठी मारून पाहिलेला गालिचा

रुइयू हा लांब लवेचा फिनिश लोकरी गालिचा. तयार रुइयू न घेता हेलसिंकीतल्या एका दुकानातून मी तो स्वतः करण्याचे किट घेतले, आणि चार महिने रोज संध्याकाळी त्यावर काम केल्यानंतर हे लिहीत आहे.

किटमध्ये विणलेले पायाचे कापड, लोकरीच्या लडी, बोथट सुई आणि रंगांचा तक्ता मिळतो. कापडात ठरावीक अंतरावर उभे धागे मोकळे सोडलेले असतात. त्यांच्या जोडीभोवती गाठ मारायची, धागा लवेची लांबी सारखी ठेवणाऱ्या पट्टीवरून घेऊन पुढची गाठ मारायची आणि ओळ पुरी झाली की फास कापायचे. काम खालून वर जात असल्यामुळे प्रत्येक ओळीची लव खालच्या ओळीवर पडते आणि पायाचे कापड पूर्ण झाकले जाते.

ही दाट लव मुळात शोभेसाठी नव्हतीच. किनाऱ्यावरचे कोळी आणि खलाशी रुइयू पांघरत, कारण कातडी पांघरूण खाऱ्या पाण्याने कडक होई आणि लोकर धुता येई. लव आत, अंगाकडे असे. पुढे तो पलंगावरचे मानाचे पांघरूण झाला, लव वर आली, आणि लग्नाच्या रुइयूवर जीवनवृक्ष, वधूवरांची आद्याक्षरे आणि साल उमटू लागले. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी फिनिश चित्रकार आक्सेली गालेन-काल्लेला यांनी आखलेला ‘लिएक्की’, म्हणजे ज्वाला, हा रुइयू भिंतीवरून बाकावर आणि तिथून जमिनीवर उतरत होता. तो विणून घेणारी फिनिश हस्तकला मित्रसंस्था 1879 मध्ये स्थापन झाली होती.

माझ्या किटचा आराखडा मात्र 1950 च्या दशकाच्या वळणाचा आहे, आणि त्याचे खरे मोल रंगांत आहे. सुईत एका वेळी तीन धागे ओवायचे असतात आणि ते बहुधा एका छटेचे नसतात: दोन निळे, एक हिरवट करडा. हाताशी धरल्यावर तिन्ही वेगळे दिसतात, खोलीच्या दारातून पाहिले की त्यांची एकच खोल निळाई होते. फिनिश वस्त्रकलाकार ऊहरा सिम्बेर्ग-एरस्ट्रोम यांच्या रुइयूंतली रंगांची खोली मला संग्रहालयात भारावून टाकत असे. ती कशातून येते, हे सुई हातात आल्यावर कळले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सूचना फक्त फिनिश आणि स्वीडिशमध्ये आहेत, गाठीचे चित्र इतके लहान आहे की पहिल्या सहा ओळी मला उसवाव्या लागल्या, आणि करडा धागा शेवटच्या दोन ओळींआधी संपला. दुकानाने तो पुन्हा पाठवला, पण वेगळ्या रंगवणीचा, म्हणजे वेगळ्या खेपेत रंगवलेला. त्यामुळे वरचा काठ किंचित उजळ दिसतो. किंमतही बरीच आहे, तरी लोकर उत्तम असल्यामुळे ती मला अवाजवी वाटली नाही. विणकामाची सवय असलेल्यांनी हे किट जरूर घ्यावे; फक्त काम सुरू करण्याआधी लडी मोजून घ्याव्यात आणि कमी वाटल्यास त्याच रंगवणीचा धागा तेव्हाच मागून ठेवावा.